सायकलशेड-मीमांसा

ओपन सोर्स प्रकल्पांत जगभरचे स्वयंसेवक एकमेकांचे तोंडही न पाहता, बिनपगारी, एकत्र काम कसे करतात यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. ते कशावरून भांडतात, हा विषय मात्र विद्वानांनी उपेक्षिला. म्हणून हा प्रबंधाचा प्रपंच.

मूळ प्रमेय: बदल जितका लहान, तितकी मते अधिक. आद्याचार्य पार्किन्सन. त्यांच्या १९५७ च्या ग्रंथातली समिती अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर करते आणि सायकलींच्या शेडवर पाऊण तास खल करते. अणुभट्टी कळते कोणाला? शेड सगळ्यांनी पाहिलेली असते.

पुढे १९९९ मध्ये फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पात याचा साग्रसंगीत प्रयोग झाला. संगणकाला 'इतके सेकंद थांब' असे सांगणाऱ्या 'स्लीप' या आज्ञेला अपूर्णांकातले सेकंद कळावेत का, यावर जाणत्यांची जुंपली. अर्धा सेकंद थांबण्याच्या सोयीपायी माणसे थांबेनात. अखेर पॉल-हेनिंग काम्प यांनी पार्किन्सनची शेड पुढे करून मंडळींची कानउघाडणी केली.

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेचे प्रकरण याहून करुण. तिथे कोलनला बरोबरचे चिन्ह चिकटवून एक नवे चिन्ह आणायचे होते. चिन्ह मंजूर झाले. पण वाद इतका विकोपाला गेला की जुलै २०१८ मध्ये भाषेचे जनक ग्विडो व्हान रॉसम, ज्यांना प्रेमाने 'तहहयात हुकूमशहा' म्हणत, त्यांनी हयातीतच गादी सोडली.

पूर्वपक्ष म्हणेल, ओपन सोर्सचे पुरस्कर्ते एरिक रेमंड यांच्या मते पुरेसे डोळे असले की कोणतीही चूक लपत नाही. मान्य. डोळे आहेतच, ते शेडकडे लागलेले आहेत. इंटरनेटवरची देवाणघेवाण कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएलमध्ये ३१ डिसेंबर २०११ ला एक बदल दाखल झाला. समोरच्याने सांगितलेली संदेशाची लांबी खरी आहे का, एवढे तपासायचे त्यात राहून गेले होते. तपासनीस एक, त्याने हो म्हटले. ना वाद, ना रुसवेफुगवे. 'हार्टब्लीड' नावाने ते भोक जगापुढे आले एप्रिल २०१४ मध्ये. इतका सलोखा दिसला की प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनरने घाबरावे, हे उपप्रमेय.

उपाय सुचवतो. मोठा बदल पाठवताना त्याला तीट लावावी: एखाद्या व्हेरिएबलचे नाव मुद्दाम बेंगरूळ ठेवावे. सगळे तिथे तुटून पडतील, आपण नम्रपणे नाव बदलावे, बाकीचा कोड बिनबोभाट मर्ज होतो. पथ्य एकच. ही चूक क्षुल्लकच हवी. गंभीर निघाली, तर तिच्याकडे कोणी बघणार नाही.