वड्याचा तालुका

जव्हारच्या एसटी स्टँडजवळच्या एका वडापावच्या गाडीवरून आमच्या नात्यागोत्यात दोन तट पडले आहेत. खातात मात्र दोघेही तिथेच. वडा चांगला आहे, पाव जरा ताजा असता तर बहार आली असती, असं माझं म्हणणं. मोखाड्याचा माझा मेहुणा एवढी सूट द्यायला तयार नाही. "भाऊजी, ह्याला वडा म्हणायचा? बेसनात बुडवलेलं पोतेरं आहे हे!" असं म्हणून तो दुसरा मागवतो.

या भांडणाचं मूळ कढईत नाही, रस्त्यात आहे. मोखाड्याहून जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा नाशिक जवळ. त्र्यंबकेश्वरवरून गेलं की आलंच. त्यामुळे कापड, कॉलेज, डॉक्टर आणि चव हे सगळं मेहुण्याने नाशकातून आणलेलं. तिकडे पाववडा चालतो. पावाच्या पोटात बटाट्याची भाजी भरायची आणि अख्खा पाव पिठात बुडवून तळायचा. आम्ही जव्हारवाले घाट उतरून पालघर-मुंबईकडे जाणारे. १९६६ साली दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्यांनी वडा पावात घातला, तेव्हापासून वडा तळावा, पाव तळू नये आणि मध्ये लसणाची सुकी लाल चटणी असावी, एवढं आमचं घटनादत्त मत. १ ऑगस्ट २०१४ला ठाणे जिल्हा फोडून पालघर वेगळा झाला, दोन्ही तालुके त्यात आले. मेहुण्याच्या जिभेची बदली मात्र सरकारला अजून करता आलेली नाही.

गाडीवाला भला माणूस. कोणाचंच मन मोडू नये म्हणून तो लाल चटणीवर पातळ हिरवी चटणीही ओततो. पाव भिजतो, वडा घसरतो आणि दोन्ही तालुके एकाच वेळी नाराज होतात. सर्वपक्षीय धोरणाचा असा नमुना मी दुसरा पाहिलेला नाही.

सासऱ्यांना दोन्ही बाजू मान्य नाहीत. त्यांचा आक्षेप ऐतिहासिक आहे. बटाटा, मिरची आणि पाव हे तिन्ही या मुलखात पोर्तुगीजांच्या मागून आले. आपल्या डोंगरात पिकते ती नागली, वरई आणि उडीद. "परक्यांच्या मालावरून कसले भांडता? नागलीची भाकरी खा," असं ते बजावतात. मुद्दा बिनतोड आहे. फक्त तो मांडताना त्यांच्या हातात कांदाभजीचा कागद असतो, आणि त्यावर घेतलेली तळलेली मिरचीही पोर्तुगीजांचीच.

जव्हारमधला कुठलाही वाद फार लांबला की संस्थानापर्यंत जातो. बाकड्यावरच्या एका आजोबांनी परवा निकालच दिला, की मुकणे राजांच्या अमलात असला वडापाव कुणी खपवून घेतला नसता. तेव्हाची चवच निराळी. मी अदबीने म्हणालो, "आजोबा, संस्थान १९४८ साली विलीन झालं. तेव्हा वडापाव जन्मलाच नव्हता."

"म्हणून तर बरं चाललं होतं," आजोबा म्हणाले.

राहता राहिले पर्यटक. त्यांची साक्ष मी मुळीच धरत नाही. पावसाळ्यात दाभोसा धबधब्यावर चिंब होऊन, दात वाजवत येणाऱ्या माणसाला गरम काहीही अमृत लागतं. ते वड्याचे फोटो काढतात, डोळे मिटून मान डोलावतात आणि गाडीवाल्याला बिघडवून ठेवतात. पुढचे चार दिवस तो मीठ कमी आहे असं सांगितलं तरी ऐकत नाही.

तेव्हा माझा निवाडा असा: वड्याला दहापैकी सात, लाल चटणीला आठ, पावाला चार (सकाळी, संध्याकाळी दोन) आणि हिरवी चटणी नापास. मेहुण्याने या निकालावर अपील केलं आहे. सुनावणी दर आठवडी बाजाराला होते आणि बिल माझ्या नावावर पडतं.

जव्हारला आलात तर घाणा कढईतून निघत असतानाच गाडीवर पोचा. हिरवी चटणी नको हे पाव कापायच्या आत सांगा. आणि शेजारी मोखाड्याचा कुणी उभा असेल तर वडा कसा आहे हे चुकूनही विचारू नका. तुमची बस सुटेल.