सिंहगडाचं मुखत्यारपत्र

"यात लिहून देणार कोण आणि लिहून घेणार कोण?" बाबांनी पहिल्याच पानावर पेन्सिल टेकवली.

पान माझं होतं. मी बाणेरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका लिहितो. प्रोग्रामरला बोलायचं नसतं आणि गिऱ्हाइकाला वाचायचं नसतं, त्या दोघांच्या मधल्या बोळात माझं दुकान. या खेपेचा विषय होता परवानगीचं टूल. एआय एजंट आपल्या वतीनं फिटनेसच्या सेवेत शिरणार, आपली चाल, धाव, हृदयाचे ठोके पाहणार. पण पासवर्ड त्याच्या हाती द्यायचा नाही. सेवा आपल्याला विचारते, आपण 'हो' म्हणतो, एजंटाला एक टोकन मिळतं. ओऑथ २.० म्हणतात याला, २०१२ सालापासून चालत आलंय. हे मी अकरा पानांत समजावलं होतं.

बाबांची सगळी नोकरी दुय्यम निबंधक कार्यालयात गेली. ते मजकूर वाचत नाहीत, दस्त तपासतात.

"वापरणारा लिहून देणार, एजंट लिहून घेणार," मी म्हणालो.

"मग हे कुलमुखत्यारपत्र की खास?"

मी परवानग्यांची यादी दाखवली. उघड नोंदी वाचणं, खासगी नोंदी वाचणं, नोंदी बदलणं. हवं त्यावरच टिक करायची. "पण बहुतेक लोक सगळ्यावर करून मोकळे होतात."

"आमच्याकडेही यायचे तसले. पुतण्याला शेताकडे बघ म्हणून लिहून द्यायचे. वर्षभरानं शेत बघायला मिळायचं नाही." पेन्सिल खाली सरकली. "मुदत?"

"टोकन सहा तासांत संपतं. मग रिफ्रेश टोकन दाखवून नवं घ्यायचं."

"म्हणजे मयताला वारस आहे. मग तसं लिही की! आणि हा एजंट आपलं काम दुसऱ्या एजंटाकडे देतो?"

"देतो कधीकधी."

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. "करार कायदा, १८७२. कलम १९०. स्वतः करायचं म्हणून घेतलेलं काम एजंटानं परस्पर दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं नाही. धंद्याचा रिवाज असेल, नाहीतर कामच तसं असेल, तरच."

याच प्रश्नावर आमच्या टीमच्या तीन मीटिंगा झाल्या होत्या. तिसरीत समोसे होते. कोणालाही वाटलं नव्हतं की उत्तर व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत लिहून तयार आहे.

"आणि रद्द कसं करायचं?"

"ते प्रकरण पुढच्या आवृत्तीत घेतोय."

बाबांनी पेन्सिल कानावर ठेवली. हे त्यांचं दस्त परत केल्याचं लक्षण.

आता पुस्तिकेला स्क्रीनशॉट लागतात आणि स्क्रीनशॉटला खरं खातं. मी माझंच जोडलं. घाईत होतो, सगळ्यावर टिक केली.

इथे एक खुलासा करायला हवा. डॉक्टरांनी चालायला सांगितल्यापासून मी दर रविवारी सिंहगड चढतो. म्हणजे घरी तसं माहीत आहे. प्रत्यक्षात घड्याळावर 'गिर्यारोहण' लावून मी गाडीनं थेट वर जातो, पिठलं-भाकरी खातो, मडक्यातलं दही खातो, खालचा धुक्यातला खडकवासला पाहून भारावतो आणि गाडीनंच परत येतो.

एजंटानं चौदा रविवार वाचले. मला म्हणाला, "तुम्ही चढण ताशी सत्तावीस किलोमीटर वेगानं पार करता आणि त्या वेळी तुमचे ठोके मिनिटाला ७४ असतात. नोंदीचा प्रकार चुकला असावा." मग, नोंदी बदलायची परवानगी हाताशी होतीच, त्यानं चौदाही ठिकाणी 'गिर्यारोहण' खोडून 'मोटारप्रवास' केलं. शिवाय खाली एक ओळ: "माथ्यावर सरासरी ५२ मिनिटं एकाच जागी विश्रांती."

ॲपवर बायको मला फॉलो करते. लग्नात सात पावलं चालल्यानंतरचं तिचं माझ्यामागून येणं एवढंच. तिच्या मोबाइलवर चौदा वेळा टिंग वाजलं.

ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. मोबाइल बघितला, मला बघितलं, माझ्या पोटाकडे जरा जास्त वेळ बघितलं.

"दर रविवारी?"

"जवळजवळ."

"आणि दही एकदाही घरी आणावंसं वाटलं नाही?"

बाबा पेपरमागे होते. पेपर हलत होता.

रद्द करण्याचं प्रकरण मी त्याच रात्री लिहून संपवलं. स्क्रीनशॉटसकट.