जोडीने खणणारे

व्हर्जिनिया राज्यातील कल्पेपर काउंटीत मक्याचे पीक निघाल्यापासून पुढच्या पेरणीपर्यंत मोकळ्या पडलेल्या शेतांत दोन माणसे एकमेकांपासून तीसचाळीस पावलांवर, माना खाली घालून, दांड्याच्या टोकाला बसवलेली वाटोळी चकती जमिनीलगत डावीउजवीकडे फिरवत तासन् तास चालताना दिसतात. कानांवर हेडफोन, गुडघ्यांना पट्टे, कमरेला पिशवी आणि खांद्यावर आखूड दांड्याचे फावडे असा त्यांचा सरंजाम असतो. विजार रानात मिसळून जावी अशा ठिपक्यांची असते. मात्र हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला की त्याच विजारीवर लांबून दिसावे असे भडक नारिंगी जाकीट चढते, कारण इतिहासासाठी गुडघे झिजवण्याची त्यांची तयारी असली तरी हरीण समजून मारले जाण्याची नसते. जुन्या युद्धांत सैनिकांच्या हातून पडलेल्या, अंगावरून तुटलेल्या किंवा एकमेकांवर झाडलेल्या धातूच्या वस्तू मेटल डिटेक्टरने हुडकणाऱ्या या हौशी जमातीला तिकडे ‘रेलिक हंटर’ म्हणतात. अमेरिकेच्या यादवी युद्धाने (१८६१–१८६५) त्यांची मुबलक तरतूद करून ठेवली आहे. एकट्या कल्पेपर काउंटीत आणि तिच्या आसपास १८६३-६४ च्या हिवाळ्यात उत्तरेच्या सैन्याचा लाखभर माणसांचा तळ पडला होता आणि मे १८६४ च्या आरंभी तो हलला. इतकी माणसे इतके महिने एका जागी राहिली म्हणजे काय काय हरवते, याचा अंदाज ज्याच्या घरी एकच शाळकरी मूल आहे त्यालाही येऊ शकेल.

रेलिक हंटर सहसा एकटा आढळत नाही. याची अधिकृत कारणे तो स्वतःच सांगतो: खोल खड्ड्याची भिंत ढासळली तर कोणी जवळ हवे, पेट्रोलचा खर्च निम्मा होतो, शेतमालकाचा कुत्रा एका वेळी एकाच्याच मागे लागू शकतो. ही सर्व कारणे खरी असली तरी गौण आहेत. मुख्य कारण असे की जमिनीतून निघालेल्या वस्तूला साक्षीदार लागतो, आणि घरची मंडळी या कामातून फार पूर्वीच निवृत्त झालेली असतात. एका पांढुरक्या शिशाच्या गोळीत आणि तशाच चारशेव्या गोळीत काय फरक आहे हे पाहून चेहऱ्यावर आनंद आणण्याची त्यांची शक्ती पहिल्या वर्षअखेरीलाच संपते. म्हणून त्याला मित्र लागतो, आणि तोही वाटेल तसा चालत नाही. त्याला वस्तू ओळखता आली पाहिजे, पण मालकाच्या आधी ओळखता कामा नये. त्याला हेवा वाटला पाहिजे, पण तो त्याने तोंडाने बोलून दाखवता कामा नये. त्याचे नशीब चांगले असावे, पण एक पायरी खाली असावे. ही शेवटची अट दोघांनीही एकमेकांना मनोमन घातलेली असल्यामुळे ती कधीच पूर्ण होत नाही, आणि जोडी टिकून राहते ती बहुधा त्यामुळेच.

ज्या यंत्रावर या मैत्रीचा संसार उभा आहे त्याचे तत्त्व साधे आहे. चकतीतील तारेच्या वेटोळ्यातून बदलता विद्युत्प्रवाह सोडला की जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र शिरते. वाटेत धातू आला तर त्यात भोवऱ्यासारखे लहान प्रवाह निर्माण होतात, त्यांचे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र परत वर येते आणि यंत्र त्याचा आवाज करून कानात सांगते. युद्धाच्या खुणा शोधणाऱ्या या यंत्राचा एक पूर्वज त्याच युद्धातल्या एका सेनाधिकाऱ्यासाठी बनवला गेला, हा योगायोग रेलिक हंटर प्रत्येक नव्या श्रोत्याला ऐकवतो. यादवी युद्धात मेजर जनरल झालेले जेम्स गारफील्ड पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, जुलै १८८१ मध्ये त्यांच्यावर गोळीबार झाला आणि शरीरात अडकलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपले यंत्र घेऊन हजर झाला. बिछान्यातल्या पोलादी तारांनी यंत्राला गोंधळात टाकले, डॉक्टरांनी शोध उजव्याच बाजूला घ्यायला लावला, गोळी डावीकडे होती, आणि सप्टेंबरात गारफील्ड वारले. ही हकिगत सांगताना रेलिक हंटरच्या स्वरात एक प्रकारची व्यावसायिक हळहळ उमटते. आपण तेथे असतो तर आधी गादी काढायला लावली असती, असे त्याला खात्रीने वाटते, आणि मित्राला वाटते की याने तरीही उजवीकडेच खणले असते.

दुसऱ्या महायुद्धात सुरुंग शोधण्यासाठी बनवलेली यंत्रे नंतर लष्कराच्या मोडीत मिळू लागली आणि त्यांतलीच काही घेऊन या छंदातले आद्य पुरुष व्हर्जिनियाच्या रानांत शिरले. आजची यंत्रे हलकी आहेत, पण कल्पेपरची तांबडी चिकणमाती लोहखनिजांनी इतकी भरलेली आहे की साधे यंत्र तेथे मातीलाच धातू समजून बोलू लागते किंवा रुसून गप्प बसते. त्यावर तोडगा म्हणून ऑस्ट्रेलियातील सोन्याच्या क्षेत्रांसाठी तयार झालेली, चुंबकीय क्षेत्राचे क्षणिक ठोके देऊन प्रतिसाद ऐकणारी महागडी यंत्रे आणली जातात. ही यंत्रे अशा मातीतही खोलवर पाहतात, परंतु लोखंड आणि इतर धातू यांतला भेद त्यांना चांगलासा करता येत नाही, त्यामुळे प्रत्येक आवाजावर खणावे लागते आणि दिवसाच्या शेवटी पिशवीत मुख्यत्वे खिळे असतात. सोने शोधण्यासाठी जन्मलेले यंत्र घेऊन शिसे शोधायला जाणे आणि खिळे घेऊन परतणे या व्यवहाराचे समर्थन कोणत्याही अर्थशास्त्राला जमणारे नाही. रेलिक हंटरला गुप्तधनाच्या मागे लागलेल्या माणसाहून वेगळे काढायचे ते याच ठिकाणी: गुप्तधनवाल्याला रिकाम्या हाताने परतण्याचे दुःख होते, रेलिक हंटरला ते मित्र भरल्या हाताने परतल्यावरच होते.

या जमातीचे चलन म्हणजे मिनिए गोळी. क्लोद-एत्येन मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याने १८४९ मध्ये मांडलेल्या रचनेत अमेरिकनांनी सुधारणा करून ही गोळी वापरात आणली: मऊ शिशाची, निमुळत्या तोंडाची, बुडाशी पोकळ, अंगावर बहुधा तीन खाचा असलेली. बार उडाला की पोकळ बूड फुगून नळीच्या आतील आट्यांना घट्ट बसे, गोळी गिरकी घेत सुटे आणि जुन्या वाटोळ्या गोळीपेक्षा कितीतरी लांबवर नेमकी लागे. जमिनीत दीडशे वर्षे राहिल्यावर तिच्यावर पांढरा थर चढतो, आणि ओल्या तांबड्या मातीत तो पांढरा ठिपका दिसताच रेलिक हंटर गुडघ्यांवर बसतो. त्याच्या मूल्यव्यवस्थेचा चमत्कार असा की शत्रूपर्यंत पोहोचून चपटी झालेल्या गोळीपेक्षा थंडीने बधिर झालेल्या बोटांतून तंबूपाशी गळून पडलेली, म्हणजे आपले एकमेव कर्तव्य चुकवलेली गोळी त्याला अधिक प्रिय असते, कारण तिचा आकार शाबूत राहतो. बाजारात अशा साध्या गोळीला एकदोन डॉलर मिळतात. ती शोधताना खाल्लेल्या सँडविचची किंमत त्याहून अधिक असते.

गोळीवर दातांच्या खुणा असतील तर मात्र जोडीत मतभेद होतो. एकाचे मत ठाम असते की भूल न देता पाय कापला जात असताना कोणा अभागी सैनिकाने ती दातांखाली धरली होती. दुसरा शांतपणे सांगतो की त्या युद्धात क्लोरोफॉर्म आणि इथर सर्रास वापरले गेले आणि अशा बऱ्याच गोळ्या रानात उकरणाऱ्या डुकरांनी चावलेल्या असतात. दुसऱ्याचे म्हणणे इतिहासाला अधिक धरून आहे. पण चावलेली गोळी त्याला स्वतःला सापडते त्या दिवशी डुकरांचा उल्लेख त्याच्याकडून होत नाही, आणि पहिल्याला मात्र त्यांची अचानक आठवण होते.

बटणांच्या बाबतीत रेलिक हंटरचे ज्ञान खरोखर आदर वाटावा असे आहे. उत्तरेच्या सैन्याच्या पितळी बटणावर गरुड असतो. अधिकाऱ्याच्या बटणावर त्या गरुडाच्या छातीवरील ढालीत पायदळासाठी ‘आय’, घोडदळासाठी ‘सी’ आणि तोफखान्यासाठी ‘ए’ हे अक्षर असते. मातीने भरलेल्या, नखाएवढ्या बटणावरचे ते अक्षर तो थुंकी लावलेल्या अंगठ्याने वाचतो आणि नंतर बटण उलटून पाठीवरचा कारखान्याचा छाप पाहतो, कारण वॉटरबरीच्या स्कोव्हिल कंपनीने कोणत्या काळात कोणता छाप वापरला हे त्याला स्वतःच्या मुलांच्या जन्मतारखांपेक्षा पक्के ठाऊक असते. अनेक बटणांच्या पाठीवर ‘एक्स्ट्रा क्वालिटी’ असे अभिमानाने कोरलेले आढळते. ते कोटावरून तुटून पडले म्हणूनच आपल्याला मिळाले, हा विचार त्याला शिवत नाही.

सापडलेल्या वस्तूवर हक्क कोणाचा, याविषयीचे जोडीतले अलिखित कायदे अभ्यासण्याजोगे आहेत. ज्याच्या यंत्राने आवाज दिला त्याचा खड्डा, आणि खड्ड्यातून निघेल ते त्याचे, हे मूळ कलम. परंतु खणणाऱ्याने वस्तू काढून खड्डा बुजवला, तो पुढे गेला आणि मागून येणाऱ्याच्या यंत्राने त्याच जागी पुन्हा आवाज दिला तर हक्क बदलतो. परिणामी प्रत्येकजण बुजवलेल्या खड्ड्यावरून यंत्र दोनदा फिरवूनच उठतो, आणि दुसरा, आपले त्या बाजूला काहीच काम नाही अशा चेहऱ्याने, दिवसभरात कधीतरी तिथून जातोच. दोघांच्या कानांवर हेडफोन असल्यामुळे बोलणे खुणांनी चालते. उंच हात म्हणजे बटण किंवा त्याहून मोठे काही. आडवा हलवलेला हात म्हणजे खिळा. आणि काहीही न करता पाठ फिरवून बराच वेळ बसून राहणे म्हणजे कंबरपट्ट्याची पितळी पट्टी, जी घासून पुसून नीट झाल्याशिवाय मित्राला दाखवायची नसते. ती दिसल्यावर मित्राने जे अभिनंदन करायचे असते ते सराईतपणे केले जाते, फक्त त्यानंतर त्याची फावड्याची चाल काही वेळ जोरकस होते.

एकाच वस्तूपुढे ही चढाओढ थांबते. तोफेचा पोकळ गोळा निघाला की ज्याच्या यंत्राने आवाज दिला तोही हक्क सांगत नाही, कारण आतली काळी दारू दीड शतकानंतरही मेलेली असेलच असे नाही. २००८ मध्ये व्हर्जिनियात अशा गोळ्यावर घरच्या आवारात काम करणारा एक अनुभवी संग्राहक स्फोटात ठार झाला. अशा वेळी दोघे मागे सरून फोन करतात, आणि त्या दिवशी परतीच्या मोटारीत कोणी कोणाला टोमणा मारत नाही.

पुरातत्त्वज्ञांचे आणि या जमातीचे पटत नाही, आणि येथे न्याय पुरातत्त्वज्ञांच्या बाजूने द्यावा लागतो. त्यांचे म्हणणे असे की वस्तूपेक्षा ती कोठे, किती खोल आणि कशाच्या शेजारी होती ही माहिती मोलाची असते, आणि रेलिक हंटर नेमकी तीच मातीत टाकून वस्तू तेवढी घरी नेतो. तोच माणूस शिस्तीत बसवला तर काय होते याचे उदाहरण मोंटाना राज्यातील लिटल बिगहॉर्न येथे मिळते. १८७६ मध्ये जनरल कस्टरची तुकडी जेथे मारली गेली त्या माळावरचे गवत १९८३ मध्ये वणव्यात जळाले, आणि पुढच्या वर्षी डग्लस स्कॉट यांच्या पथकाने मेटल डिटेक्टर चालवणारे हौशी स्वयंसेवक रांगेने चालवून प्रत्येक आवाजावर झेंडी रोवली. उचलण्यापूर्वी प्रत्येक वस्तूची जागा नोंदली गेल्यामुळे आणि बंदुकीच्या फायरिंग पिनने काडतुसाच्या बुडावर उमटवलेल्या खुणा जुळवल्यामुळे एकेक बंदूक त्या माळावर कोठून कोठे गेली हे सांगता आले. रेलिक हंटर ही गोष्ट आपल्या छंदाचा गौरव म्हणून सांगतो. त्यातला रांगेत चालण्याचा आणि काहीही घरी न नेण्याचा भाग मित्र पुरवतो.

कायदाही त्याच्यावर नजर ठेवून आहे. राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेल्या रणभूमीवर यंत्र वापरणेच नव्हे, वापरता येईल अशा स्थितीत जवळ बाळगणेही गुन्हा आहे, आणि शंभर वर्षांहून जुन्या पुरातन वस्तूंना १९७९ च्या कायद्याने सर्व संघराज्यीय जमिनींवर संरक्षण दिले आहे. खासगी जमिनीवर मात्र मालकाची परवानगी असली की पुरे. जमिनीतून दहा रुपयांहून अधिक किमतीचे निखात धन निघाले तर कलेक्टरला कळवणे १८७८ पासून बंधनकारक असलेल्या भारतीय वाचकाला हा उदारपणा विलक्षण वाटेल, आणि त्या दहा रुपयांत आजवर वाढ का झाली नाही, असाही प्रश्न पडेल.

म्हणून शेतमालकाचे दार ठोठावणे हा या छंदातला सर्वांत कठीण भाग ठरतो. बोलायचे कोणी हे मोटारीतच ठरते, टोप्या उतरवल्या जातात, चिखलाचे बूट पायरीखाली ठेवले जातात, आणि सापडलेल्या वस्तूंची काचेची पेटी करून देण्याचे आश्वासन तयार असते. पुष्कळदा मालकीणबाई म्हाताऱ्या आणि एकाकी असतात. त्या परवानगी देतात, कॉफी करतात आणि मग आठवण झाल्यासारख्या उठून स्वयंपाकघराच्या कपाटातून लोणच्याची काचेची बरणी आणतात, जिच्यात त्यांच्या सासऱ्यांनी नांगरामागे चालता चालता वेचलेल्या गोळ्या, गरुडाची बटणे आणि एक अखंड पट्टी, जोडीने अनेक वर्षांत मिळवलेल्या मालापेक्षा सरस, निष्काळजीपणे एकत्र पडलेली असते. यंत्र, हेडफोन आणि ऑस्ट्रेलियन तंत्रज्ञान यांशिवाय केवळ वाकून मिळालेला तो संग्रह दोघेही हात मागे बांधून पाहतात, पट्टीचे मनापासून कौतुक करतात आणि ती विकायची आहे का हे विचारण्याचे धाडस न होता बाहेर पडतात. तो प्रश्न दुसऱ्याने विचारायला हवा होता, या मुद्द्यावर फाटकापाशी सुरू झालेला वाद मग पुढच्या शनिवारपर्यंत पुरतो.