विश्वासाचा फवारा

कायदा किती बारकाईने विचार करतो पाहा. 1968 च्या कीटकनाशक कायद्यानुसार औषधाची नोंदणी लागते, विकायला परवाना लागतो, नव्या दुकानदाराला शिक्षणाचीही अट आहे. शहरातल्या फ्लॅटात झुरळे मारायला येणाऱ्या पेस्ट कंट्रोलवाल्यालाही परवाना हवा. योग्यच आहे. झुरळासमोर अप्रशिक्षित माणूस कसा उभा करणार?

शिवारात मात्र सरकारचा माणसावर गाढ विश्वास. कलम 38 म्हणते, स्वतःच्या कसणुकीतल्या जमिनीवरच्या वापराला हा कायदा लागूच नाही. त्यामुळे रोजंदारीचा गडी लाल त्रिकोणाचे, म्हणजे सर्वात जहाल औषध बादलीत तुऱ्हाटीने ढवळतो, तोंडाला दुपट्टा गुंडाळतो आणि अनवाणी पऱ्हाटीत शिरतो. डब्यासोबत माहितीपत्रक असतेच. अक्षर मुंगीएवढे, पण छापलेले आहे ना!

हाच विश्वास एसटीलाही दाखवावा. कंडक्टरला बिल्ला असू द्या, ड्रायव्हरला लायसन कशाला? स्टिअरिंगला सूचनांची चिठ्ठी बांधली की गाडी सोडावी.

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक माणसे दगावली, शेकडो दवाखान्यात गेली. त्यांनी हातमोजे, मास्क घातले नव्हते, हे मात्र तत्परतेने सांगितले गेले. कागदातही प्रशासन कमी पडले नाही. जन्मात ज्याला फवारणीचे प्रमाणपत्र कुणी दिले नाही, त्याच्या घरी शेवटी एक प्रमाणपत्र आलेच. मदतीच्या अर्जाला त्याची साक्षांकित प्रत जोडायची होती.