तात्पुरतं पोट

आमच्या गिरगावातल्या चाळीत एका मजल्यावर सोळा खोल्या होत्या आणि टोकाला तीन संडास. माणसं ऐंशीच्या घरात. सकाळी आपलं टमरेल रांगेत ठेवायचं आणि दात घासायला जायचं. टमरेल म्हणजे माणूसच. कुणी ते मागे सरकवलं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा आणि वरच्या मजल्यावरची मंडळी कठड्यावर ओणवून ऐकायची. ह्या सगळ्याला आम्ही अडाणीपणाने गैरसोय म्हणत होतो. परवा एक पुस्तक वाचलं, भागाकार केला, आणि कळलं की आमची चाळ आंतरराष्ट्रीय मानकाच्या अगदी उंबरठ्यावर उभी होती.

पुस्तकाचं नाव ‘स्फिअर हँडबुक’. त्याचा जन्म वाईट आहे. 1994 च्या जुलैत रवांडातून पळालेले लाखो लोक तेव्हाच्या झाईरमध्ये, गोमा गावाशी येऊन टेकले. जमीन ज्वालामुखीच्या दगडाची, खड्डा खणता येईना. पाणी म्हणजे समोरचं सरोवर. पहिल्या महिनाभरात पन्नास हजारांच्या आसपास माणसं मेली, बहुतेक कॉलरा आणि हगवणीने. मदत संस्था हजर होत्या, पण कुणी किती पाणी द्यायचं, संडास किती लोकांमागे एक, ह्याचा ताळमेळ कुणालाच नव्हता. म्हणून 1997 साली त्या एकत्र बसल्या आणि त्यांनी आकडे ठरवायला घेतले.

आकडे असे. माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी. नळ 500 मीटरच्या आत, रांग अर्ध्या तासाच्या आत. संकटाच्या सुरुवातीला 50 माणसांमागे एक संडास, पुढे 20 माणसांमागे एक. साबण माणशी महिन्याला 250 ग्रॅम अंगाला आणि 200 ग्रॅम कपड्यांना.

आपल्याकडे शहरी पाणीयोजना आखताना माणशी 135 लिटर धरतात, आणि तेवढ्यावरूनही आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत खुर्च्या उचलल्या जातात. जुन्या धाटणीची फ्लशची टाकी एका खेपेला दहा लिटर सोडते. म्हणजे मी सकाळी एकदा साखळी ओढली की निर्वासिताचा दोन तृतीयांश दिवस वाहून गेला.

आता पन्नासांचं गणित मांडू. माणशी दहा मिनिटं धरा. चाळीतला असल्यामुळे मी कमीच धरतो आहे. पहाटे सहाला पहिला आत गेला, तर पन्नासाव्याचा नंबर दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी लागतो. मधे कुणाचं पोट बिघडलं नाही असं धरून. कॉलराच्या साथीत असं धरणं जरा धाडसाचंच.

पुस्तक चांगलं आहे, हे सांगून टाकतो, नाहीतर पत्रं येतील. ते प्रामाणिकपणे ‘किमान’ म्हणतं. पण कुठल्याही दप्तरात ‘किमान’ हा शब्द शिरला की तिसऱ्या पानापर्यंत त्याचं ‘उद्दिष्ट’ होतं आणि शेवटच्या पानावर ‘यश’.

हे सगळं जिथे एका ठिकाणी पाहायला मिळतं ती जागा म्हणजे बांगलादेशातला कॉक्स बाझार जिल्हा. 25 ऑगस्ट 2017 नंतरच्या काही महिन्यांत म्यानमारच्या राखाइन प्रांतातून सात लाखांहून जास्त रोहिंग्या मुसलमान लष्कराच्या कारवाईतून जीव वाचवत सीमा ओलांडून आले. आधीचे धरून दहा लाखांहून जास्त माणसं उखिया आणि टेकनाफ ह्या दोन उपजिल्ह्यांत, तेहतीस छावण्यांत राहतात. त्यांतली कुतुपालोंगची वस्ती जगातली सगळ्यांत मोठी निर्वासित छावणी समजली जाते. तिथे आधी जंगल होतं आणि हत्तींची वाट होती. हत्ती अधूनमधून येऊन पाहून गेले, त्यांनाही कुणी पुनर्वसनाचा अर्ज दिला नव्हता.

बांगलादेशाने ह्या लोकांना आत घेतलं. त्याच्या कितीतरी पट श्रीमंत देश तेव्हा मूठभर माणसांवरून निवडणुका लढवत होते. तेव्हा त्याला नावं ठेवण्याआधी हात जोडतो. आणि 1951 च्या निर्वासित करारावर सही त्यांची नाही तशी आपलीही नाही, म्हणून हसतानाही जरा जपून.

पण कागदाची गंमत पाहा. ढाक्याच्या कागदावर हे लोक निर्वासित नाहीत. ते ‘बळजबरीने विस्थापित झालेले म्यानमारचे नागरिक’ आहेत. म्यानमारच्या कागदावर ते नागरिकच नाहीत. आणि त्यांचा कारभार ज्या अधिकाऱ्याकडे आहे त्याच्या दारावरची पाटी आहे ‘निर्वासित मदत व प्रत्यावर्तन आयुक्त’. निर्वासित पाटीवर आहेत, छावणीत नाहीत.

ह्या कागदांत एकच शब्द सगळ्यांना मान्य आहे: तात्पुरते. लोक तात्पुरते, म्हणून घर तात्पुरतं. पक्कं बांधायचं नाही. बांबू आणि ताडपत्री. घर तात्पुरतं म्हणून नळ तात्पुरता, आणि संडास तर तात्पुरत्यातला तात्पुरता. ह्या साखळीत एकच वस्तू शिस्त पाळत नाही, ती म्हणजे पोट. ते आपलं रोज सकाळी कायमस्वरूपी पद्धतीने चालतं.

2017 च्या घाईत जो संडास उभा राहिला तो जवळून पाहण्यासारखा आहे. सिमेंटच्या चार-पाच रिंगा एकावर एक जमिनीत उतरवायच्या, वर भांडं बसवलेली लादी ठेवायची, चारी बाजूंना बांबू ठोकून ताडपत्री गुंडाळायची. आत कडी नाहीतर सुतळी. बाहेर क्रमांक आणि देणाऱ्याचं बोधचिन्ह. खड्डा उथळ. बाजूला दहा पावलांवर हातपंप, तोही उथळ आणि तोही कुणाचं तरी बोधचिन्ह लावून उभा. संडास आणि पाण्याच्या झऱ्यात निदान तीस मीटर अंतर हवं असं त्याच पुस्तकात छापलेलं आहे, पण टेकडीच्या उतारावर माणसावर माणूस बसलेला असताना तीस मीटर आणायचे कुठून? वरच्या आळीचा खड्डा पाझरून खालच्या आळीच्या पंपात. पाणी तपासलं तर त्यात मैल्यातले जंतू. मग त्यातले बरेच संडास बुजवावे लागले, बरेच पंप बंद करावे लागले. अहवालाच्या दृष्टीने ह्यात नुकसान काहीच नाही. एकच संडास दोनदा यश देतो: बांधला तेव्हा एकदा, बुजवला तेव्हा एकदा.

उरलेले खड्डे भरतात. खड्डा भरतो ही गोष्ट पहिल्या वर्षी उद्घाटनाला आलेल्या कुणालाच सुचलेली दिसत नाही. उतारावर मैल्याची गाडी चढत नाही, म्हणून पंपाने, पाइपाने, आणि जिथे तेही पोचत नाही तिथे पिंपं बांबूला टांगून खांद्यावरून गाळ खाली आणायचा. तो आणणारा रोहिंग्याच असतो. त्याला कामगार म्हणता येत नाही, कारण निर्वासिताला नोकरीची परवानगी नाही. म्हणून तो ‘स्वयंसेवक’, आणि त्याला तासावर मिळतं ते ‘मानधन’. दहा शेजाऱ्यांचा मैला स्वेच्छेने खांद्यावरून वाहणारा समाजसेवक. आपल्याकडे हाताने मैला उपसण्यावर 1993 पासून कायद्याने बंदी आहे आणि माणसं अजून गटारात उतरून मरतात, त्यामुळे ह्या विषयावर मी जीभ चावतो.

चांगलं झालं तेही सांगायला हवं. ऑक्टोबर 2017 मध्ये कॉलऱ्याच्या तोंडावाटे द्यायच्या लसीचे नऊ लाख डोस तिथे आले, आणि सगळे ज्या भयंकर साथीची वाट पाहत होते ती आली नाही. 2019 साली ऑक्सफॅम ह्या मदत संस्थेने दीड लाख लोकांच्या मैल्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प उभा केला. निर्वासित छावणीत एवढा मोठा प्रकल्प तोवर कुठे नव्हता. फक्त त्याचा फोटो चांगला येत नाही. नळाखाली हसणारं पोर हे छायाचित्र आहे. गाळाचं तळं म्हणजे नुसतं काम.

बायकांचा भाग मात्र आकड्यात बसत नाही. तिथे पाणी भरायच्या ॲल्युमिनियमच्या भांड्याला ‘कोलशी’ म्हणतात. आपली कळशीच ती, कमरेवर तशीच बसते. पहाटे रांग, चिखलाचा उतार, पाय घसरला की पुन्हा रांगेच्या शेवटी. संडासाच्या दाराला कडी नाही, वाटेवर दिवा नाही, आणि शेजारच्याच बाजूला पुरुषांची रांग. त्यावर छावणीतल्या बायकांनी जो उपाय काढला तो कुठल्याही मानकात नाही: दिवसा पाणीच प्यायचं नाही. जेवायचंही बेताचं. अंधार पडला की जायचं, आणि अंधारात भीती वाटली तर तेही नाही. आंघोळ झोपडीच्या कोपऱ्यात, तिथल्याच मातीवर. पुढे काही ठिकाणी बायकांना बसवून विचारलं गेलं की तुम्हाला न्हाणीघर कसं हवं. त्यांनी कडी मागितली, पाळी आली की कपडे धुवायला आडोसा मागितला, आणि दार रस्त्याच्या तोंडावर नको म्हणाल्या. हे ऐकायला तज्ज्ञ परदेशातून यावा लागतो; आमच्या चाळीतल्या कुठल्याही काकूंनी फुकट सांगितलं असतं.

दक्षिणेला टेकनाफमध्ये तर जमिनीखाली धड पाणीच लागत नाही, लागलं तर खारट. ओढ्यावर बांध घालून पाणी साठवायचं, आणि उन्हाळ्यात तो आटला की टँकर. इथे मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही. टँकर हा आपल्याकडेही तात्पुरताच असतो, दरवर्षी.

पाणी कमी पडलं तरी पाण्याविषयीची माहिती कमी पडत नाही. 15 ऑक्टोबरला जागतिक हातधुणी दिन, 19 नोव्हेंबरला जागतिक शौचालय दिन. हात कसे धुवावेत ह्याची चित्रं भिंतीवर, आणि संस्था हात धुवून मागे लागलेल्या. तरीही 2023 साली ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या पाहणीत छावणीतल्या दहातल्या जवळपास चौघांना खरूज निघाली. हात धुवायचे कसे हे पाठ झालं होतं. आंघोळीला पाणी, कपडे उकळायला इंधन आणि झोपायला वेगळी चटई हा अभ्यासक्रमाबाहेरचा भाग.

तिसरा दिन 22 मार्च, जागतिक जल दिन. 2021 साली नेमक्या त्याच दिवशी तिथल्याच बालूखालीच्या छावणीला आग लागली. बांबू आणि ताडपत्री, दुसरं काय होणार. सुमारे पंचेचाळीस हजार माणसं पुन्हा उघड्यावर आली, निदान पंधरा मेली. भोवती काटेरी तारेचं कुंपण होतं, त्यामुळे पळायलाही वाट नीट मिळाली नाही, असं वाचलेल्यांनी सांगितलं. ह्या योगायोगावर विनोद करायला मी बसलो होतो, जमला नाही.

आणि ज्या देशात हे चाललं आहे, तोच 1971 साली दुसऱ्या टोकाला होता. तेव्हा पूर्व पाकिस्तानातून एक कोटीच्या आसपास माणसं भारतात आली. बनगावच्या छावणीत कॉलरा झालेली माणसं जमिनीवर निजलेली आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ, ग्लुकोज आणि बेकिंग सोडा पाण्यात कालवून ते पिंपातून वाटलं, नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. मरणारे शंभरात तीसच्या आसपास होते ते चारच्या खाली आले. कडी नाही, बोधचिन्ह नाही, पिंपाला तोटी. पुढे बांगलादेशात घरोघर जाऊन आयांना चिमूटभर मीठ आणि मूठभर गूळ शिकवला गेला, आणि त्या द्रावणाची पुडी जगाने उचलली. आपण तिला जलसंजीवनी म्हणतो. निर्वासितांच्या पोटासाठी काय करता येतं हे त्या भूमीइतकं कुणालाच माहीत नाही. अर्थात, चिमूटभर मीठ कालवायला आधी स्वच्छ पाणी लागतं.

आता पैशाचं. 2023 साली कॉक्स बाझारच्या छावण्यांतला शिधा माणशी महिना 12 डॉलरवरून 8 वर आला होता, तो मागाहून वाढवला. 2025 साली अमेरिकेने परदेशी मदतीला कात्री लावली, आणि जगभरच्या छावण्यांत पुन्हा वजाबाक्या सुरू झाल्या. देणारे दमलेत म्हणतात. दमणारच, इतकी वर्षं तात्पुरतं देत राहणं सोपं नाही. एकदाच पक्का पाइप टाकला असता तर स्वस्त पडलं असतं, असं कुणी म्हणालं की लगेच उत्तर तयार असतं: अहो, ते परत जाणार आहेत.

असतीलही. कुतुपालोंगमधली पहिली छावणी 1991-92 साली अडीच लाख रोहिंग्या आले तेव्हा वसवलेली आहे. तीही तात्पुरतीच होती. तिथे जन्मलेल्या मुलींना आता मुलं आहेत, आणि पहाटे कळशी घेऊन त्याच जातात.