आबासाहेब, आपण आमचं फार नुकसान केलंत

प्रति,
भाई गणपतराव देशमुख,
माजी आमदार, सांगोला, जि. सोलापूर.

विषय : एकाच पक्षातून, एकाच मतदारसंघातून अकरा वेळा निवडून येऊन वाईट पायंडा पाडल्याबाबत तक्रार.

आदरणीय आबासाहेब,
स. न. वि. वि.

पत्ता अपुरा आहे, त्याबद्दल क्षमस्व. ३० जुलै २०२१ रोजी आपण गेलात. पुढारी गेला की आम्ही डोळे झाकून 'स्वर्गलोक' लिहितो; पण लाल बावट्याच्या माणसाला ते ठिकाण मान्य असेल की नाही, शंका वाटली. शिवाय आपण एकदा मतदारसंघ धरला की सोडत नाही असा लौकिक, म्हणून पत्र सांगोल्यालाच टाकतो आहे.

मी एक भावी आमदार आहे. नुसता नव्हे, चार पक्षांचा भावी आमदार. घरात उपरण्यांचा एक अख्खा खण आहे आणि रंगांची एवढी व्हरायटी आहे, की लग्नसराईत बायको त्यातली पिशव्या शिवायला काढते. असा अनुभवी माणूस आपल्याला लिहितो आहे, तेव्हा तक्रार गांभीर्याने घ्यावी.

आपण १९६२ साली शेतकरी कामगार पक्षाकडून सांगोल्यात निवडून आलात, इथवर ठीक. १९४७ साली निघालेला पक्ष, तेव्हा ऐन उमेदीत होता. शहाण्या माणसाने अशा पक्षात असायलाच हवं. पुढे १९६७ ला परत आलात, तेही क्षम्य. १९७२ ला पडलात. ही खरी संधी होती. पडलेल्या माणसाला कार्यकर्तेच म्हणतात, "साहेब, वारं ओळखा." सत्ता काँग्रेसची, दिल्लीत काँग्रेस, मुंबईत काँग्रेस, जिल्ह्यात काँग्रेस. आपण वारं ओळखलं नाहीत. १९७४ ला पोटनिवडणूक लागली आणि आपण त्याच पक्षाचा अर्ज भरून परत निवडून आलात. मग १९७८, १९८०, १९८५, १९९०. मध्ये १९९५ ला परत पडलात. परत वारं वाहत होतं, परत आपण खिडकी लावून बसलात. १९९९, २००४, २००९, २०१४. शेवटच्या वेळी वय ८८. आबासाहेब, माझ्या तालुक्यात ८८ वर्षांचे गृहस्थ रेशनच्या रांगेतही नातवाला पाठवतात.

एवढ्या काळात मंत्रिपद किती वेळा? १९७८ च्या पुलोद सरकारात आणि १९९९ च्या आघाडी सरकारात. बाकी सगळा वेळ विरोधी बाकावर. आमच्यात एखाद्याला विस्तारात घेतलं नाही, तर तो आठवड्याभरात 'नॉट रिचेबल' होतो. आपण दशकानुदशकं रिचेबल राहिलात. याला आमच्या भाषेत करिअरची हेळसांड म्हणतात.

त्यात एसटी. एसटीच्या गाडीत पुढच्या बाजूला आमदार-खासदारांसाठी राखीव म्हणून आसन असतं. ती डेपोतल्या रंगाऱ्याची विनोदबुद्धी असावी, असं आम्ही इतकी वर्षं समजत होतो. आपण त्या आसनावर खरोखर बसायला लागलात! सांगोल्याहून मुंबईला अधिवेशनाला एसटीने. आता मी सहा गाड्यांचा ताफा घेऊन एखाद्या गावात शिरलो, की पारावरचं कुणीतरी म्हातारं मोठ्यांदा म्हणतं, "सांगुल्याचा आमदार यष्टीनं फिरायचा." त्या ताफ्यातल्या चार गाड्या भाड्याच्या आहेत, हे त्या म्हाताऱ्याला कोण सांगणार?

सूतगिरणीचं तर बोलूच नये. सांगोल्यात कापूस पिकत नाही. तिथे आपण सहकारी सूतगिरणी काढलीत. काढलीत ते योग्यच. सहकारातला उद्योग भूमिपूजनासाठी काढायचाच असतो. त्याचा एक ठरलेला प्रवास आहे : शेतकऱ्यांचे शेअर्स, सरकारचं भागभांडवल, बँकेचं कर्ज, सरकारची थकहमी, मग तोटा, मग अवसायक, मग लिलाव, आणि लिलावात घेणारी कंपनी कुणाच्या मेव्हण्याची, हे सगळ्या तालुक्याला आधीच ठाऊक. आपण दुसऱ्या टप्प्याच्या पुढे सरकलाच नाहीत. गिरणी चालवत बसलात. बाहेरून कापूस आणून सूत काढलंत आणि वर नफाही दाखवलात. कापूस नसलेल्या तालुक्यात गिरणी चालते, मग ऊस असलेल्या तालुक्यात कारखाना का बुडतो, असा प्रश्न आमच्या सभासदाच्या डोक्यात आला तर जबाबदार कोण?

आता कायद्याकडे येतो. १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा आला, घटनेला दहावं परिशिष्ट जोडलं गेलं. त्याच वर्षी आपण सहाव्यांदा निवडून आला होतात. ज्याला या कायद्याचा कधी उपयोगही झाला नाही आणि धाकही वाटला नाही, असा आमदार महाराष्ट्रात सापडणं अवघड. आम्ही त्याची पारायणं केली आहेत. सुरुवातीला एक तृतीयांश जणांनी फूट पाडली तरी चालायचं. २००३ मध्ये घटनादुरुस्तीने ती सोय काढली आणि दोन तृतीयांशांचं विलीनीकरण तेवढं ठेवलं. म्हणजे एकट्याने उडी मारली तर गद्दार, दोन तृतीयांशांनी मारली तर संघटनात्मक निर्णय. त्यातूनही अडचण आली, तर विधानसभा अध्यक्षांपुढे सुनावणी असते आणि सुनावणीला तारखा असतात. शिवसेनेच्या फुटीवर जानेवारी २०२४ मध्ये अध्यक्षांचा निकाल लागला, तेव्हा दोन्ही बाजूंचे सगळे आमदार पात्र ठरले. गेले तेही पात्र, राहिले तेही पात्र. आमच्या शाळेत इतका उदार निकाल कधी लागला नव्हता.

आणि आपल्याला तर केवढी सोय होती! २०१४ ला विधानसभेत शेकापचे तीन आमदार. तिघांचे दोन तृतीयांश म्हणजे दोघं. विमान नको, हॉटेल नको. कँटीनमध्ये दोन कटिंग मागवले असते, तरी विलीनीकरण झालं असतं. या तिघांतले पेणचे धैर्यशील पाटील पुढे भाजपमध्ये गेले आणि २०२४ मध्ये राज्यसभेवर पोचलेदेखील. रस्ता मोकळा होता, आबासाहेब. आपण एसटीची वाट बघत बसलात.

आपल्याच तालुक्यातलं उदाहरण घ्या. १९९५ ला आपल्याला पाडणारे शहाजीबापू पाटील. तेव्हा काँग्रेसचे. २०१४ ला आपल्यासमोर उभे राहिले ते शिवसेनेकडून, आणि पडले. २०१९ ला शिवसेनेकडूनच आमदार झाले, २०२२ च्या जूनमध्ये शिवसेना फुटली तेव्हा गुवाहाटीला पोचले आणि तिथून केलेल्या एका फोनवर झाडी, डोंगार आणि हाटील यांचं असं वर्णन केलं, की सांगोल्याचं नाव सगळ्या महाराष्ट्राच्या मोबाइलवर वाजलं. आपण विधानसभेत इतकी वर्षं पाणी, दुष्काळ, चारा, टँकर बोलत राहिलात. त्याची कुणी रिंगटोन केली का?

आमचा फ्लेक्सवाला या बाबतीत बोलका माणूस आहे. माझी फाइल त्याच्या कॉम्प्युटरवर कायमची आहे. मधे मी, हात जोडलेला, दहा वर्षांपूर्वीचे केस. खाली शुभेच्छुकांचे गोल फोटो. हे सगळं पक्कं बसवलेलं. वरची नेत्यांची पट्टी तेवढी सुटी आहे. फोन केला की तो विचारतो, "दादा, वरची पट्टी जुनीच का नवी?" परवा म्हणाला, "सांगोल्यातल्या माझ्या पाहुण्याचा धंदा बघा. एकच पट्टी, आयुष्यभर. कसं पोट भरायचं?" आपल्या निष्ठेपायी छपाई व्यवसायाचं किती नुकसान झालं, याचा कुणीतरी हिशेब मांडायला हवा.

आता थोडं गंभीर. पक्ष बदलताना आम्ही एकच वाक्य म्हणतो : 'मतदारसंघाच्या विकासासाठी निर्णय घेतला.' आमचा सगळा संसार या एका वाक्यावर चालतो. सत्तेत असल्याशिवाय निधी नाही, निधीशिवाय काम नाही, कामाशिवाय मत नाही. आपल्याविरुद्ध हे अस्त्र चालायला हवं होतं, आणि काही अंशी चाललंही. सांगोल्याला पाणी उशिरा आलं, हे आपले भक्तही नाकारणार नाहीत. नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीला १३ दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा घेतल्यात, वर्षामागून वर्षं ठराव केलेत. टेंभू योजनेसाठी कृष्णेचं पाणी कराडजवळून उचलायचं आणि टप्प्याटप्प्याने वर चढवत दुष्काळी भागात न्यायचं, हे काम आमदाराच्या एका टर्ममध्ये मावणारं नव्हतंच. विरोधी बाकावरून ते आणखी लांबलं असेल. आपल्या पहिल्या मतदाराने पाण्याची वाट पाहिली आणि डाळिंबाची बाग लावली त्याच्या पोरानातवांनी.

हे मी एका सभेत ठणकावून सांगत होतो. तर समोरून एकाने उठून विचारलं, "मग शेजारचं काय?" जत, माण. तिथल्या लोकांनी तर बरीच वर्षं सत्ताधारी पक्षाचे आमदार निवडून दिले. सत्तेत होते, निधीत होते. उन्हाळ्यात टँकर तिथेही आणि इथेही. सत्तेत जाऊन पाणी लवकर येतं, तर त्यांच्याकडे का नाही आलं?

मी वीजकपातीचा मुद्दा काढून भाषण संपवलं. पण आबासाहेब, हा प्रश्न विचारायची हिंमत त्या माणसाला कुणी दिली? आपण. सांगोल्याचं उदाहरणच नसतं, तर तुलना करायला कुणाकडे काही नव्हतं. आम्ही सगळेच 'विकासासाठी' गेलो असतो आणि सगळीकडे सारखंच कोरडं राहिलं असतं. कुणाचा कुणाला राग नसता.

दुसरी एक गोष्ट. आपल्याकडे पाहून आमच्या मुलांना वाटतं, निष्ठेने राहिलं की लोक डोक्यावर घेतात. साफ खोटं. १९९५ ला आपण पडलात ते १९२ मतांनी. आठव्यांदा निवडून यायच्या बेतात असलेल्या माणसाला सांगोलेकरांनी १९२ मतांनी घरी बसवलं. आम्ही असतो तर फेरमोजणी मागितली असती, कोर्टात गेलो असतो, तेवढ्यात दुसऱ्या पक्षाशी बोलणीही उरकली असती. आपण घरी बसलात आणि १९९९ ला परत त्यांच्याच दारात मतं मागायला गेलात. २०१९ ला वयामुळे थांबलात आणि नातू अनिकेत उभे राहिले, तेव्हा त्यांनाही याच सांगोल्याने ७६८ मतांनी पाडलं. म्हणजे आपल्या नावाची कदर करणारी ही माणसं दर वेळी हिशेब ताजा मांडत होती. निष्ठा ही काही मुदत ठेव नव्हे, की व्याज आपोआप जमा होईल.

इथे आपल्याला एक टोचून घ्यावंच लागेल. आयुष्यभर आपण पक्ष-पक्ष केलात, आणि वारस निवडायची वेळ आली तेव्हा उमेदवारी फिरून आपल्याच घरात आली. नातवांची लायकी असेल, ते त्यांनी दाखवावं. पण या एका बाबतीत तरी आपण आमच्यातलेच निघालात, याचं मला मनापासून समाधान वाटलं.

आपण गेलात तेव्हा सगळ्या पक्षांनी श्रद्धांजली वाहिली. निष्ठावंत, साधे, आदर्श, एकही शब्द शिल्लक ठेवला नाही. माझाही शोकसंदेश होता. वर्षभरातच महाराष्ट्रात काय झालं, कोण सुरतेला गेलं, कोण गुवाहाटीला, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या एका पक्षाच्या चुलत्या-पुतण्यांत काय झालं, ते आपण पाहिलं नाहीत. बरं झालं. आपल्याला आदर्श म्हणण्यात आम्हाला कधीच अडचण नव्हती. आदर्श म्हटलं, की त्यासारखं वागण्याची सक्ती राहत नाही.

तरी खालील मागण्यांचा सहानुभूतीने विचार व्हावा. आपला अकरा विजयांचा विक्रम 'अपवादात्मक परिस्थितीतील घटना' म्हणून नोंदवावा, म्हणजे त्याचा दाखला कुणाला देता येणार नाही. एसटीतलं ते राखीव आसन काढून टाकावं. आणि सांगोल्याच्या मतदारांना कुणीतरी समज द्यावी, की इतकं लक्षात ठेवणं लोकशाहीच्या प्रकृतीला झेपत नाही.

कळावे.

आपला,
एक भावी आमदार
(पक्ष : पत्र पोचेपर्यंत कळवतो)

ता. क. : २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत सांगोल्यातून शेकापचे बाबासाहेब देशमुख, म्हणजे आपले दुसरे नातू, शहाजीबापूंना पंचवीस हजारांहून अधिक मतांनी हरवून निवडून आले. सबंध महाराष्ट्रात आपल्या पक्षाचा तेवढा एकच आमदार आहे. एकाचे दोन तृतीयांश कसे काढायचे, हे आमचे वकील सध्या तपासत आहेत.