दोघं मिळून एक फुल

लंडनहून आलेला माणूस तुम्ही पाहिला असेलच. नसेल तर संध्याकाळी मोझरीच्या स्टँडवर या, दाखवतो. पोराकडे तीन महिने राहून आलेला, पायात पोरानं दिलेले पांढरे बूट, डोक्यावर टोपी तीच जुनी. विमानतळानं बॅगेला डकवलेली पट्टी त्यानं अजून काढलेली नसते. त्याच बॅगेतून तो आता तिवशाच्या बाजारातून वांगी आणतो.

आमच्याकडच्या या प्राण्याला सगळे भाऊसाहेब म्हणतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर. इथल्या आश्रमाचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९५५ साली विश्वधर्म परिषदेसाठी जपानला जाऊन आले होते. त्यानंतर परदेश पाहून आलेला मोझरीतला महत्त्वाचा माणूस आपणच, असं भाऊसाहेब तोंडानं म्हणत नाहीत. पण क्रम तसाच लावतात.

लंडनमध्ये काय पाहिलं, असं त्यांना विचारू नये. लोक विचारतात. मग भाऊसाहेब बाकावर सरकून जागा करतात आणि भाड्यापासून सुरुवात करतात.

"अजी, तठी हाफ तिकीटच नाही!"

हे दुःख समजायला भाऊसाहेबांचं एसटीशी असलेलं नातं माहीत पाहिजे. वयाची पासष्टी ज्या दिवशी पूर्ण झाली, त्या दिवशी हा माणूस काही काम नसताना अमरावतीला जाऊन आला. हाफ तिकिटावर. पुढं मार्च २०२३ मध्ये सरकारनं सगळ्या बायकांना एसटीत निम्मं भाडं केलं आणि भाऊसाहेबांच्या संसारात जे गणित जुळलं, ते लग्नात गुणमेलनातही जुळलं नसेल. ते हाफ, काकू हाफ. "आमी दोघं मिळून एक फुल," हे वाक्य त्यांनी तेव्हापासून प्रत्येक कंडक्टरला ऐकवलं आहे. आता डोळा पंच्याहत्तरीवर आहे, कारण तिथं एसटी पूर्ण फुकट. मृत्यूची भीती वाटते का, असं एकदा कोणी विचारलं तर म्हणाले, "पंच्याहत्तरच्या आंदी वाटते."

असा माणूस लंडनच्या लाल बसमध्ये चढला. ड्रायव्हरपुढं आधार कार्ड धरून म्हणाला, "हाफ." ड्रायव्हरला वाटलं म्हातारा रामराम करतोय, त्यानंही हात वर केला. मागून पोरानं कार्ड टेकवलं, टुक् वाजलं आणि पावणेदोन पाउंड गेले. आपले दोनशे रुपये! तिथं साठीच्या वरच्यांना सवलत आहे, पण ती लंडनच्या रहिवाशांना. आणि भाऊसाहेबांचं राहणं मोझरी, तालुका तिवसा. रोख पैसे तर त्या बसमध्ये २०१४ पासून घेतच नाहीत. "कंडक्टरच नाही त भांडाव कोणाशी?" हा प्रश्न ते मला अजून विचारतात, जणू तिथला कंडक्टर मीच काढून टाकला.

पण मास्तर माणूस, हार मानणारा नव्हे. आठ दिवसांत त्यांनी लंडनचं भाडं असं पाठ केलं, जसं आपण पोटच्या पोराचा हट्ट पाठ करतो. हीथ्रो विमानतळाहून पॅडिंग्टनला पंधरा मिनिटांत नेणारी झुकझुक आहे, तिला तेव्हा पंचवीस पाउंड पडत. पिकाडिली लाइननं मध्य लंडनला तासाभरात पोचता येतं, कितीतरी स्वस्तात. सकाळी साडेसहा ते साडेनऊ भुयारी रेल्वेचं भाडं चढं, म्हणून हे नऊ वाजून पंचवीस मिनिटांनी स्टेशनाच्या दारात उभे, घड्याळाकडे नजर. काही स्टेशनांवर गुलाबी यंत्र असतं. मधल्या महागड्या झोनला वळसा घालून आलात, तर गाडी बदलताना तिथंही कार्ड टेकवायचं, म्हणजे भाडं कमी कापतात. तिथं जन्मलेल्यांनाही जे धड माहीत नसतं ते भाऊसाहेबांनी सुनेला समजावून सांगितलं. सून ऑफिसला टॅक्सीनं जाऊ लागली, असं म्हणतात. का, ते मी सांगत नाही.

आणि मग त्यांना 'हॉपर' सापडलं. बसमध्ये एकदा कार्ड टेकवलं की पुढच्या तासाभरात कितीही बसमध्ये चढा, पैसे लागत नाहीत. झालं! रोज सकाळी भाऊसाहेब वेम्बलीहून युस्टनची अठरा नंबरची बस धरायचे आणि तास संपायच्या आत दुसरी पकडायला पाहायचे. हार्ल्सडनच्या गर्दीत बस अडकली की वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसून सिग्नलला वऱ्हाडी शिव्या. एके दिवशी दुसऱ्या बसमध्ये पाय ठेवेपर्यंत तास उलटून दोन मिनिटं झाली. टुक्. पुन्हा पावणेदोन. त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं पोरगा फोनवर सांगत होता.

"बिग बेन पाहिलं का पण?"

"दिसते ना येता-जाता! चोवीस नंबरमदून. हॅम्पस्टेडपासून पिम्लिकोलोक जाते थे गाडी, पार्लमेंट, ट्राफल्गर, सारं त्यातच येते. लोक उघड्या छपराच्या गाडीले मायंदाळ पैसे देतेत, अन् वरतून पानी पडते."

परत आल्यावर हा आजार बरा होईल असं वाटलं होतं. मागं एकदा आम्ही दोघं अमरावतीला निघालो. कंडक्टर आला. भाऊसाहेब म्हणाले, "हाफ. अन् मी नांदगावपेठले उतरून मांगच्या गाडीत बसलो, एका तासाच्या आत, त हेच तिकीट चालन का?"

कंडक्टरनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काका, कुठून आले?"

"लंडनहून."

"मंग बसा गुमान."

हे सगळं ऐकून माणूस चिक्कू आहे, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणत होतो. पण एक गोष्ट त्यांनी स्टँडवर कधी सांगितली नाही. प्रिमरोज हिलजवळ किंग हेन्रीज रोडवर दहा नंबरचं घर आहे. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं राहत; २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं. भाऊसाहेब तिथं एकटेच गेले. बाबासाहेब तिथून ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात पायी जात, भाड्याचे पैसे वाचवायला, आणि रात्री भूक लागली की पापड भाजून खात, हे त्यांनी शाळेत कितीदा तरी शिकवलं होतं. बाहेर आले तेव्हा हॉपरचा तास सुरूच होता. समोरून बस गेली. फुकट होती. भाऊसाहेब चढले नाहीत. म्युझियमपर्यंत चालत गेले, पांढऱ्या बुटांत, पाय सोलून निघेस्तोवर.

"बसचं का नाही केलं?" मी विचारलं.

"त्याह्यले कोनं हाफ देल्लं होतं?" एवढंच म्हणाले आणि घड्याळाकडे पाहत उठले. आश्रमातल्या प्रार्थनेची वेळ झाली होती.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे त्यांची वही. काकू लंडनला गेल्या नव्हत्या. पासपोर्ट निघाला, गुडघे निघाले नाहीत. त्या वहीत भाऊसाहेबांनी मास्तरी अक्षरात लिहून ठेवलं आहे, की कुठल्या भुयारी स्टेशनावर लिफ्ट आहे, कुठं नाही. कुठल्या बसमधून गाडी न बदलता काय काय दिसतं. कुठं बसायला बाक आहे. निम्म्याहून जास्त स्टेशनांवर लाल फुली. 'येथे हिला उतरवू नये.' पानोपानी 'हिला'. भाड्याचा आकडा त्या वहीत कुठंच नाही. वही चाळताना मला पहिल्यांदाच या माणसाबद्दल बरं वाटलं, आणि मी ते काकूंना बोलून दाखवलं.

काकू ओट्यावर पाय पसरून गुडघ्यांना तेल चोळत होत्या.

"लंडनच्या लिफ्टा पाहून ठेवल्या म्हनतेत, हो," त्या म्हणाल्या. "त्याह्यले सांगा, आंदी इथून आश्रमालोक ऑटो करून देत जा म्हना. दहा रुपये लागतेत त रोज पायी नेतेत मले."

आतून भाऊसाहेबांचा आवाज आला, "दहा नाही, पंधरा मांगते थो!"